आवरेनासे झालेले मूल: कोणाकडे जावे, काय विचारावे

आठ-नऊ वर्षांचे मूल रोज घरात वस्तू फेकते, आईच्या अंगावर धावून जाते, धाकट्या भावंडाला बेदम मारते, शाळेतून दर आठवड्याला निरोप येतो, आणि तरीही अशा घरातली माणसे दवाखान्याची पायरी चढायला दोन-तीन वर्षे घालवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातल्या आपल्या मराठी भागात हे चित्र मी सतत पाहत आले आहे. ‘मोठा झाला की सुधारेल’, ‘बापाच्या वळणावर गेलाय’, ‘आजीने लाडावून ठेवलाय’ ही वाक्ये त्या काळात घरोघरी ऐकू येतात, आणि त्यांच्या आड दोन भीती दडलेल्या असतात: लोक आपल्या मुलाला वेडे म्हणतील ही एक, आणि डॉक्टर आपल्यालाच दोष देतील ही दुसरी. गंभीर वर्तनसमस्येमागे बहुतेक वेळा शोधून काढता येतील अशी कारणे असतात, तिच्यावर उपचार आहेत, आणि त्या उपचारांतला सर्वांत मोठा वाटा पालकांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीचा असतो, हे जर या घरांना वेळीच कळले तर मधली वर्षे वाचतील. त्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न असतो तो साधी मस्ती कुठे संपते हा. दोन-तीन वर्षांच्या मुलाने भर बाजारात लोळण घेतली तर ते त्या वयाला धरूनच आहे. तेच सातव्या-आठव्या वर्षी आठवड्यातून चार-पाच वेळा होत असेल तर ते वयाला धरून नाही. म्हणून वागण्याकडे पाहताना वयाचा विचार आधी करावा, मग ते किती महिने चालले आहे, फक्त घरातच घडते की शाळेत आणि पाहुण्यांकडेही घडते, त्यात कोणाला इजा होते का, आणि त्यामुळे काय काय बंद पडले आहे, हे पाहावे. जत्रेला, लग्नकार्याला जाणे आपण सोडून दिले असेल, शेजारची मुले खेळायला येईनाशी झाली असतील, नवरा-बायकोत रोज त्यावरून वाद होत असतील, तर समस्या गंभीर आहे असे समजण्यास हरकत नाही. हे सहा महिन्यांहून अधिक काळ चालले असेल तर तपासणी करून घ्यावीच. काही बाबतींत मात्र सहा महिने थांबूच नये. चांगले वागणारे मूल दोन-तीन आठवड्यांत एकाएकी बदलले, मुक्या जनावरांना मुद्दाम इजा करू लागले, आग लावू लागले, रात्री घर सोडून जाऊ लागले, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत.

बाहेरून दिसणारे वागणे एकसारखे असले तरी आतली कारणे फार वेगवेगळी असतात, आणि उपचार कारणावर ठरतात. सर्वांत आधी शरीर तपासायचे. ज्याला एका कानाने कमी ऐकू येते ते मूल ‘ऐकत नाही’ म्हणून मार खात असते; त्याची कानांची तपासणी कोणीच केलेली नसते. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे रात्री घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल दिवसभर चिडचिडे आणि चंचल राहते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि ती त्याला मिळत नसते. फिट म्हणजे हातपाय झाडणेच असे नाही. काही सेकंद शून्यात पाहून पुन्हा भानावर येणारे मूलही फिटचे असू शकते, आणि वर्गात ते ‘लक्ष नसलेले’ म्हणून ओळखले जाते. अंगात रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, जंत या गोष्टींचीही साधी तपासणी होते. म्हणून पहिली भेट बालरोगतज्ज्ञाची असणे उत्तम.

शरीरानंतर शिकणे. आपल्या भागात याला एक खास पदर आहे आणि त्याच्याकडे भाषेचा वाद बाजूला ठेवून पाहिले पाहिजे. घरात मराठी, गल्लीत मराठी, आणि शाळेत मात्र कन्नड किंवा इंग्रजी माध्यम, अशा मुलाला पहिली-दुसरीत बाई काय सांगतात ते पाच-सहा तास नीट कळत नसेल, तर ते खिडकीबाहेर पाहणार, शेजारच्याला टोचणार, उठून फिरणार. आणि त्याचे हे वागणे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असलेल्या मुलासारखेच दिसणार. दोहोंतला फरक ओळखण्याचा एक सोपा मार्ग असा, की आजीने मराठीत गोष्ट सांगितली तर ते अर्धा तास एका जागी बसते का, गणपतीच्या मखराचे काम दिले तर तडीस नेते का, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबते का, हे पाहावे. तिथे ते नीट वागत असेल तर माध्यमाचा, शिकवण्याचा विचार आधी करावा. तिथेही तेच घडत असेल तर माध्यम बदलून काही साधणार नाही, हेही तितकेच खरे. नुसती शाळा बदलत राहिल्याने अनेक मुलांची दोन-तीन वर्षे हातची जातात.

अध्ययन अक्षमता हे याच जातीचे दुसरे कारण. बुद्धी चांगली असूनही वाचताना अक्षरांत गोंधळणारे, फळ्यावरचे उतरवून घेता न येणारे मूल चौथी-पाचवीपर्यंत कसेबसे निभावते, आणि मग वर्गात हसे होण्यापेक्षा वर्गाबाहेर काढले गेलेले बरे, असा हिशेब मनाशी करते. वाचायला उभे केले की पुस्तक भिरकावणाऱ्या मुलाचे वाचन कोणीतरी एकदा शांतपणे, एकट्याला जवळ बसवून तपासले पाहिजे.

त्यानंतर येतात ते मनाचे आणि मेंदूच्या वाढीचे विकार. एडीएचडीमध्ये लक्ष टिकत नाही, शरीर स्वस्थ बसत नाही, आणि मनात आले की विचार न करता कृती घडते. हा दोष बारा वर्षांच्या आत दिसू लागतो आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असते, त्यामुळे त्या सहसा नजरेतून सुटतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचा आक्रस्ताळेपणा पुष्कळदा आवाज, गर्दी किंवा ठरलेल्या क्रमात झालेला बदल सहन न झाल्यामुळे असतो. मोठ्या मुलांमध्ये नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्याच्या रूपात बाहेर येते. आणि एक कारण असे आहे की ते कोणालाच विचारावेसे वाटत नाही: मुलाशी कोणी लैंगिक गैरवर्तन करत असणे, किंवा त्याला घरात, शिकवणीत, वसतिगृहात मारहाण होत असणे. एकाएकी बदललेल्या मुलाच्या बाबतीत हे विचारलेच पाहिजे. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२; त्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणे डॉक्टर, शिक्षक, नातेवाईक अशा सर्वांवरच बंधनकारक आहे, हेही ठाऊक असावे.

फाइलवर डॉक्टर ‘ओडीडी’ किंवा ‘सीडी’ अशी अक्षरे लिहितात तेव्हा पालक घाबरतात. ओडीडी म्हणजे ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर: सतत चिडणे, मोठ्यांशी हमरीतुमरीवर येणे, सांगितलेले मुद्दाम न करणे, आपल्या चुकीचे खापर दुसऱ्यावर फोडणे, आणि हे किमान सहा महिने चालणे. सीडी म्हणजे कंडक्ट डिसऑर्डर. तो अधिक गंभीर, कारण त्यात मारामारी, चोरी, नासधूस, शाळा बुडवून भटकणे, दुसऱ्याचे हक्क पायदळी तुडवणे हे वर्षभराच्या काळात पुन्हा पुन्हा दिसते. हे शब्द म्हणजे शिक्का नव्हे. त्यांचा उपयोग कोणते उपचार करायचे हे ठरवण्यापुरता आहे. आपले घर यात एकटे नाही, हेही जाता जाता सांगायला हवे. निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तिघे.

कारण कोणतेही असो, घरात एक चक्र सुरू होते आणि ते मूळ दुखण्याला वाढवत नेते. समजा, संध्याकाळचे सात वाजले आहेत. आई चुलीजवळ भाकऱ्या थापते आहे, पीठ हाताला लागलेले आहे, आणि मुलगा भिंतीला टेकून मोबाईल पाहतो आहे. आई तिथूनच म्हणते, ‘‘ठेव तो मोबाईल, अभ्यासाला बस.’’ तो मान वर करत नाही. ती पुन्हा सांगते, मग तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज चढतो. चौथ्यांदा ती उठून मोबाईल हिसकावते, तेव्हा तो किंचाळतो, समोरचा पाण्याचा तांब्या लाथेने उडवतो, ‘‘तू मर’’ असे म्हणतो. आई हात उगारते. आतून आजी म्हणते, ‘‘दे गं त्याला, पोरगं जेवू तर दे सुखाने.’’ शेजारी ऐकतील या भीतीने आई मोबाईल परत देते आणि घर एकदम शांत होते. या पाच मिनिटांत दोघेही काहीतरी शिकले. मुलगा शिकला की तांब्या उडवल्यावर मोबाईल मिळतो. आई शिकली की मोबाईल दिल्यावर शांतता मिळते. उद्या तो तांब्यापर्यंत लवकर पोचेल आणि ती मोबाईल लवकर देईल. उलट एखाद्या दिवशी आईने जोरात मारले आणि तो गप्प बसला, तर मारल्यावर काम होते असे ती शिकते, आणि पुढच्या वेळी तितक्याने भागत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या घरी निरीक्षक पाठवून, मिनिटामिनिटाच्या नोंदी ठेवून हे चक्र दाखवून दिले, आणि पालकांना शिकवून ते तोडता येते हेही दाखवले. यात आई वाईट नाही आणि मूलही वाईट नाही. दोघेही त्या क्षणी सुटका शोधत असतात.

आता जायचे कुठे. गावात राहणाऱ्यांसाठी सर्वांत जवळचा दुवा म्हणजे आशा कार्यकर्ती, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. पथक येते त्या दिवशी पालकांनी हजर राहून वागण्याची तक्रार स्पष्ट शब्दांत सांगावी, कारण दात-डोळे तपासण्याच्या गडबडीत ती कोणी आपणहून विचारेल याची खात्री नसते. गरज वाटल्यास हे पथक जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र उपचार केंद्राकडे चिठ्ठी देते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या ‘मनोचैतन्य’ उपक्रमात मनोविकारतज्ज्ञ येतात. हा दवाखाना मंगळवारचा म्हणून ओळखला जातो, तरी निघण्याआधी वार विचारून घ्यावा.

बेळगाव शहरात बिम्स म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल आणि नेहरूनगरचे केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल, या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आणि बालरोग विभाग एकाच छताखाली आहेत, हा मोठा फायदा. तिथून पुढे धारवाडचे डिमहान्स हे खास मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे आणि बेळगावहून ते सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर पडते. फार गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये बाल व किशोर मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. बिदर आणि कारवारकडच्या मराठी घरांना आपापल्या जिल्ह्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ. निपाणीकडची माणसे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मिरजेला, आणि खानापूरकडची गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, त्यातही काही गैर नाही. भाषा जुळते, नातेवाईक असतात. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की सरकारी योजनांचा लाभ आणि दिव्यांगत्वाचा दाखला हे बहुधा आपण राहतो त्या राज्यातून, त्या जिल्ह्यातून मिळतात. म्हणून उपचार सीमेपलीकडे घेतले तरी एखादी तपासणी आणि नोंद आपल्या जिल्ह्यात असू द्यावी, नाहीतर ऐन वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

घरातून निघणेच जमत नसेल, किंवा नेमके कुठे जावे ते कळत नसेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य चालतो. ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली आणि तिच्यात मराठीतही बोलता येते. फोन लागताच आपल्याला मराठीतून बोलायचे आहे हे सांगावे.

कोण काय करतो हेही समजून घेतले पाहिजे, कारण ‘काउन्सिलिंग’ या एका पाटीखाली आज फार वेगवेगळी माणसे बसलेली असतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेला डॉक्टर असतो आणि औषध डॉक्टरच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, पालकांना पद्धती शिकवतो, मुलाशी बोलून उपचार करतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते, आणि ती विचारण्यात संकोच करू नये. पाच मिनिटांत निदान सांगून महिन्याभरात मूल पूर्ण बरे करण्याची हमी देणारा कोणीही असो, त्याच्यापासून दूर राहावे.

पहिल्या भेटीत काय घडते, ते सांगते. डॉक्टर मुलाच्या आजच्या भांडणापासून सुरुवात करत नाहीत. ते गरोदरपणापासून विचारतात. बाळंतपण कुठे झाले, बाळ लगेच रडले का, चालायला-बोलायला कधी लागले, ताप डोक्यात गेला होता का, घरात कोणाला फिट, दारू, नैराश्य आहे का, घरात मारामाऱ्या होतात का. आईला हे प्रश्न झडतीसारखे वाटतात, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर निम्मी उत्तरे तोंडातच राहतात. म्हणून आई-वडिलांशी वेगळे आणि मुलाशी वेगळे बोलण्याची विनंती आपणच करावी; चांगला डॉक्टर ती नाकारत नाही. मुलाच्या तोंडावर त्याच्या सगळ्या तक्रारींचा पाढा वाचू नये. जाताना तायी कार्ड (आईचे गरोदरपणातले कार्ड), लसीकरणाचे कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, शाळेच्या दोन-तीन वह्या आणि वर्गशिक्षकांचे चार ओळींचे पत्र न्यावे. सर्वांत उपयोगी पडते ती दोन आठवड्यांची नोंद: कधी भडकला, त्याच्या अगोदर काय झाले होते, त्याने काय केले, आणि नंतर आपण काय केले. ‘तो नेहमीच असे करतो’ या वाक्यातून डॉक्टरांना काही हाती लागत नाही; ‘बुधवारी शाळेतून आल्यावर, भूक लागलेली असताना, बहिणीने पेन्सिल घेतली तेव्हा’ या वाक्यातून पुष्कळ लागते.

भाषेबाबत इथे ठाम राहावे. मुलाची बुद्धिमत्ता चाचणी किंवा अध्ययन अक्षमतेची चाचणी ज्या भाषेत घेतली जाते ती भाषा मुलाला घरासारखी येत नसेल तर गुण कमी येतात, आणि चुकीचा निष्कर्ष आयुष्यभर फाइलीत राहतो. धारवाड-बेळगावच्या पट्ट्यात हा प्रश्न नवा नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर मुद्दाम कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केले होते, आणि बिने-कामत हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. जुन्या चाचणीचे मानक जुने झाले, पण तिच्यामागचा विचार जुना झालेला नाही. तेव्हा चाचणी कोणत्या भाषेत होणार हे आधी विचारावे, घरात मराठी बोलतो हे लिहून घ्यायला सांगावे, आणि दुभाषा लागलाच तर मुलाच्या थोरल्या भावा-बहिणीला त्या कामाला बसवू नये. त्यांना बरेच काही बोलता येत नाही आणि बरेच काही ऐकायला लागू नये.

उपचारांत पहिले स्थान पालक प्रशिक्षणाचे आहे. साधारण दोन ते चार महिने, आठवड्याने किंवा पंधरवड्याने बैठका होतात, आणि खरा अभ्यास घरी असतो. त्यातली पहिली पायरी पालकांना नेहमीच अनपेक्षित वाटते: शिस्तीच्या आधी रोज दहा-पंधरा मिनिटे मुलासोबत, तो म्हणेल तो खेळ, उपदेश न करता, प्रश्नांचा मारा न करता खेळायचा. ज्या मुलाकडे दिवसभर फक्त ओरडण्यासाठीच पाहिले जाते, त्याला चांगले वागून लक्ष वेधता येते हे ठाऊकच नसते. त्यानंतर कौतुक, आणि तेही नेमके: ‘शहाणा माझा’ याऐवजी ‘बहिणीने हिसकावले तरी तू हात उचलला नाहीस, हे मला आवडले.’ मग सूचना देण्याची रीत: चुलीजवळून ओरडायचे नाही, जवळ जायचे, नजरेला नजर मिळवायची, एका वेळी एकच गोष्ट, शांत आवाजात, एकदा. पाच-सात सेकंद थांबायचे. केले तर लगेच दाद द्यायची. नाही केले तर आधी सांगून ठेवलेला लहानसा परिणाम, जसे आजचा टीव्ही बंद, तो त्याच दिवशी आणि न चुकता. धमकी मोठी आणि अंमल शून्य, ही आपल्या घरांची जुनी खोड इथे सोडावी लागते. कुरकुर, तोंड वेंगाडणे, पाय आपटणे याकडे काणाडोळा करायचा. मारणे, चावणे, फेकणे याकडे कधीच नाही.

एक गोष्ट प्रशिक्षक सांगतात आणि घरी आल्यावर विसरली जाते. हट्ट पुरवणे बंद केले की पहिले काही दिवस हट्ट वाढतो. मूल अधिक किंचाळते, अधिक फेकते, कारण आजवर चालत आलेला उपाय चालेनासा झाला आहे. नेमके याच वेळी ‘या पद्धतीने तर बिघडलाच’ असे म्हणून घर माघार घेते, आणि मग मुलाला आणखी वरच्या पट्टीत ओरडायचे शिक्षण मिळते. ते दिवस काढणे सगळ्यांत अवघड, आणि तिथे घरातल्या सगळ्यांनी एकच भूमिका घेणे गरजेचे असते. आपल्याकडे वडील पुण्याला किंवा गोव्याला कामाला, नाहीतर फौजेत असतात, आणि घरात आजी-आजोबा, काका-काकू असतात. म्हणून एखाद्या बैठकीला आजीला सोबत न्यावे, तिला मान देऊन तिच्याच तोंडून नियम ठरवून घ्यावेत. वडिलांना फोनवरून रोज फक्त तक्रारी ऐकवण्याऐवजी आज काय जमले तेही सांगावे, म्हणजे सुट्टीवर आल्या आल्या पट्टा काढला जाणार नाही.

औषधांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एडीएचडी नक्की असेल आणि वय सहाच्या पुढे असेल तर मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी औषधे लक्ष टिकवण्यास चांगली मदत करतात. सहा वर्षांखालच्या मुलासाठी पालक प्रशिक्षण आधी करतात. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे हे परिणाम होऊ शकतात, त्यामुळे दर भेटीत वजन-उंची मोजली जाते का, हे पाहावे. अंगावर धावून जाण्याइतकी आक्रमकता असेल तर काही काळ रिस्पेरिडोन अल्प मात्रेत देतात. त्याने वजन वाढते, म्हणून तिथेही देखरेख हवी. औषध मुलाला शांत बसायला मदत करील, पण भांडण कसे मिटवायचे ते त्याला शिकवणार नाही. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, आणि ‘झोपेची गोळी’ समजून शेजारच्याला देऊ तर मुळीच नये.

बहुतेक घरे दवाखान्याआधी देवाकडे जाऊन आलेली असतात. सौंदत्तीला, जोतिबाला नवस बोलणे, दृष्ट काढणे, अंगारा लावणे यांतून आईला बळ मिळत असेल तर त्याला मी नावे ठेवणार नाही, आणि डॉक्टरांपासून ते लपवण्याचेही कारण नाही. पण ‘बाहेरचे आहे’ म्हणून मुलाला फटके देणे, चटके देणे, धुरी देणे, साखळीने बांधणे हा मुलावर अत्याचार आहे. कर्नाटकात अमानुष प्रथा आणि काळ्या जादूविरुद्धचा २०१७ चा कायदा लागू आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधण्यास पूर्ण मनाई करतो.

शाळेशी वागताना कायदा ठाऊक असावा, पण सुरुवात कायद्याने करू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण (आठवीपर्यंतचे) पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि सतराव्या कलमानुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. ‘दाखला घेऊन जा’ असे तोंडी सांगितले गेले तर ते लेखी मागावे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मात्र वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाईंचीही दमछाक होत असते. त्यांना डॉक्टरांचे पत्र द्यावे, पुढच्या बाकावर जागा, मोठ्या कामाचे लहान तुकडे, अधूनमधून खडू-डस्टर आणण्याच्या निमित्ताने उठण्याची मुभा, आणि दिवसाअखेरी वहीत एक चांगली ओळ, एवढेच मागावे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हे दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस प्रकारांत येतात, त्यामुळे निकषांत बसत असल्यास यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो आणि पुढे एसएसएलसीला म्हणजे दहावीच्या परीक्षेला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. एडीएचडीचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही, हे आधीच ठाऊक असले तर हेलपाटे वाचतात.

मूल हातात कोयता-चाकू घेऊन धावले, किंवा जीव देण्याची भाषा करू लागले, तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे. धाकट्या भावंडांना दुसऱ्या खोलीत न्यावे, धारदार वस्तू, शेतातली औषधे, गोळ्या कुलपात ठेवाव्यात, त्या क्षणी वाद घालू नये, आणि ११२ किंवा १०८ वर फोन करून जिल्हा रुग्णालय गाठावे. ‘तुला मरायचे विचार येतात का’ असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. मुलावर घरात किंवा बाहेर अत्याचार होत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. दाखल करावे लागले तरी अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा सोबती पूर्ण काळ त्याच्याजवळ राहू शकतो. हा कायद्याने दिलेला हक्क आहे, ती मेहेरबानी नव्हे.

सुधारणा कशी ओळखावी, हे पालक हमखास विचारतात. भडकणे एकदम थांबत नाही. आधी ते लवकर शमू लागते, अर्ध्या तासाचे दहा मिनिटांवर येते. मग आठवड्यातले दिवस कमी होतात. आणि शाळेतला बदल बहुधा घरानंतर दिसतो. परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारपण आले तर, मे महिन्याच्या सुट्टीनंतर पुन्हा उसळी येते, तेव्हा बैठका पुन्हा सुरू करायच्या असतात. या सगळ्यात घरातले शांत मूल बाजूला पडते. त्याने मार खाल्लेला असतो, त्याच्या वस्तू फुटलेल्या असतात, आणि ‘तू तरी समजून घे’ हे त्याला रोज ऐकावे लागते. त्यालाही दिवसातली दहा मिनिटे वेगळी द्यावीत, मार पडू लागला तर कोणत्या खोलीत जायचे आणि कोणाला हाक मारायची हे त्याच्याशी ठरवून ठेवावे, आणि पुढच्या भेटीला एकदा त्यालाही डॉक्टरांकडे घेऊन जावे.